तीन पडदे आणि एक नळ

माझ्या मॉनिटरच्या स्टँडला नळ बसवलेला मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. नळ तिथेच होता. पितळेचा, चकचकीत, जमिनीपासून दीड फुटावर. शेजारी प्लंबर हात पुसत उभा होता आणि मोठ्या कौतुकाने त्याच्याकडे बघत होता.

"हा नळ कशाला?" मी विचारलं.

"पाणी काढायला."

"कुठलं पाणी?"

"आतलं."

मी पलंगावर बसलो. 

मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांचं काय फुटलं, काय बुडालं, काय जळालं ते ते आम्हाला लिहून कळवतात आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे मी ठरवतो. वीस वर्षांत मी बरंच काही वाचलंय. स्वतःच्या गाडीने स्वतःचीच दुसरी गाडी ठोकणारा माणूस माझ्या टेबलावरून गेलाय. पण मॉनिटरच्या स्टँडमध्ये पाणी होतं, असा दावा आजवर कुणी केला नव्हता आणि केला असता तर मी तो चहाचा कप खाली न ठेवता फेटाळला असता.

झालं होतं असं, की कंपनीने आमच्या गावातली शाखा बंद करायचं ठरवलं. आम्हा कर्मचाऱ्यांपुढे दोन वाटा ठेवल्या. एक तर सहा तासांवरच्या मुख्य कचेरीत बदली, नाहीतर घरून काम. घरून काम करायचं तर कंपनीचा माणूस येऊन घरातली जागा तपासणार आणि पास झाली तरच परवानगी. बायकोची नोकरी इथली, म्हणजे बदली झाली तर मला एकट्यालाच जावं लागणार. अशी एक बदली मी लग्नानंतर दोन वर्षांनी भोगलेली आहे. चार महिने एका खोलीत एकटा राहिलो. तिसऱ्या महिन्यात मी भिंतीशी बोलायला लागलो आणि चौथ्यात तिच्याशी भांडलो. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, मला त्या बदलीची भीती वाटत होती.

तपासणीचा अर्ज अकरा पानी होता. त्यात सातवं कलम असं, की दावे तपासणाऱ्याकडे तीन मॉनिटर असावेत, एकावर दावा, एकावर नियम आणि एकावर फोटो. ते शेजारीशेजारी आणि नजरेच्या रेषेत असावेत. भिंतीला ठोकलेले नसावेत आणि टेबलाच्या कडेला आवळलेले नसावेत, तर 'स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या आधारावर' असावेत. बाजारात असे आधार मिळतात. मी दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, मागवावे लागतील, दीड महिना लागेल. तपासणी तीन आठवड्यांवर होती.

"मी घरी बनवीन," मी जाहीर केलं.

बायको तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि टॉवेलाची घडी घातली. हा तिचा होकार आहे असं मी धरून चाललो.

लाकूड मला जमत नाही. वेल्डिंगवाल्याने दुकानासमोरचा गेटांचा ढीग दाखवला आणि पुढच्या महिन्यात या म्हणाला. म्हणून मी आमच्या इमारतीचं काम करणाऱ्या प्लंबरला बोलावलं. कल्पना साधी होती. पाण्याचे पाइप मजबूत असतात, ते एकमेकांत पेचाने बसतात, मग त्यांचाच सांगाडा करायचा. खाली दीड फुटी पायांवर चार इंची प्लॅस्टिक पाइपचा चौकोन, त्यातून वर येणारे दोन लोखंडी खांब, वर एक आडवा पाइप आणि आडव्या पाइपला क्लँपने धरलेले तीन मॉनिटर. मी कागदावर चित्र काढून दिलं. त्याने ते उलटं धरून बराच वेळ बघितलं.

"इनलेट कुठे?" तो म्हणाला.

"इनलेट नाही."

"आउटलेट?"

"तेही नाही. यातून पाणी जायचंच नाहीये."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला एकदम पोरकं वाटलं. पण तो भला माणूस होता. लोकांना वेड लागतं, आपण काम करायचं, असा काहीतरी विचार करून त्याने टेप काढली.

आता मापं घ्यायची वेळ आली आणि नेमके त्याच दिवशी सासरे आले. सासरे चार दिवसांसाठी येतात आणि महिनाभर राहतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते कमी बोलतात, खाण्याच्या तक्रारी करत नाहीत. पण ते खोलीत असले की माझी पाठ आपोआप ताठ होते. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा ते समोर बसले होते आणि मी ताठ बसलो होतो. तेव्हापासून त्यांच्यासमोर पाठीला दुसरं काही सुचतच नाही. प्लंबर म्हणाला, साहेब, बसा, डोळ्यांची उंची घेतो. सासरे दारात उभे राहून बघत होते. मी बसलो. प्लंबरने जमिनीपासून माझ्या बुबुळापर्यंत टेप लावली आणि आकडा तळहातावर लिहून घेतला.

सांगाडा चार दिवसांत उभा राहिला. एकेका पेचावर त्याने पांढरी टेप गुंडाळली, वर धागा गुंडाळला, त्यावर मलम फासलं. "इतकं कशाला? आत हवाच तर आहे," मी म्हटलं. त्यावर त्याने आणखी थोडं मलम फासलं. पाचव्या दिवशी मी किराणा आणायला गेलो आणि तासाभराने परत आलो तेव्हा तो नळ दिसला.

"टेस्टिंग केलं," प्लंबरने सांगितलं. "बावीस वर्षांत टेस्टिंग केल्याशिवाय काम सोपवलेलं नाही. तुमच्या घरापासून सुरुवात करू काय? गच्च भरलं वरपर्यंत. एक थेंब गळत नाही. बघा, हात लावून बघा."

मी हात लावला. खरोखर एक थेंब गळत नव्हता.

"आता काढून टाक ते पाणी."

"काढतो की. त्यासाठीच नळ बसवलाय."

इथे लेव्हलकाका आले. लेव्हलकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या खिशात कायम पातळी मोजायची एक छोटी लेव्हल असते, जिच्यात हिरव्या पाण्यात बुडबुडा असतो, ती. कुणाच्याही घरी गेले की ते आधी ती टीपॉयवर ठेवतात आणि मग नमस्कार करतात. त्यांनी ती आमच्या आडव्या पाइपवर ठेवली, बुडबुड्याकडे बघून मान हलवली आणि सांगाड्याला एका बोटाने ढकललं.

"पाणी काढू नका," ते म्हणाले. "वर तीन मॉनिटर लटकणार, तेही पुढच्या बाजूला. खाली वजन नसेल तर हे तोंडावर पडेल. आत्ता खाली किती लिटर आहे?"

"तीसेक," प्लंबर म्हणाला.

"तीस किलो झालं. फुकटचं वजन आहे. राहू द्या."

"पण काका, वीज आणि पाणी..."

"गळतंय का?" काका आणि प्लंबर एकदम म्हणाले.

गळत नव्हतं. विम्याच्या कामात मी रोज शंभर लोकांना निरुत्तर करतो, पण माझ्याच बेडरूममध्ये दोन माणसांनी मला दोन शब्दांत गप्प केलं.

पाणी राहिलं. बायको कामावरून आली, तिने स्टँड पाहिला, नळ पाहिला आणि विचारलं, "आपण झोपायचं कुठे?" कारण स्टँड ठेवण्यासाठी पलंग भिंतीला लावला होता आणि तिच्या बाजूने चढायची वाट बंद झाली होती. मी म्हटलं, पायाकडून चढता येतं. ती पायाकडून चढली. मला तिचा फार आधार वाटला.

तिसऱ्या दिवशी दारावर सेक्रेटरी. हातात पत्र. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तोंडी तक्रार करत नाहीत. समोर उभे राहून पत्र देतात आणि आपण वाचून होईपर्यंत थांबतात. पत्रात लिहिलं होतं, की मी शयनगृहात विनापरवाना नळ घेतल्याचं समितीच्या निदर्शनास आलं असून खुलासा करावा.

"अहो, तो नळ कशालाच जोडलेला नाही," मी म्हणालो.

"मग त्यातून पाणी येतं का?"

"येतं."

"कुठून?"

"स्टँडमधून."

सेक्रेटरींनी बगलेतली फाइल चाळली. मग म्हणाले, "न जोडलेल्या नळासाठी आपल्याकडे अर्ज नाही. टाकीसाठी आहे."

अशा रीतीने माझा मॉनिटरचा स्टँड समितीच्या दप्तरात 'घरगुती पाण्याची टाकी, क्षमता तीस लिटर' म्हणून नोंदला गेला. मी अर्ज भरला, टाकीचा आराखडा जोडला, टाकीवर झाकण आहे असं खोटं लिहून दिलं. वीस वर्षं लोकांचं खोटं पकडणारा मी, पण खाली सहीही केली. परवानगी मिळाली, पण एका अटीवर. नियमाप्रमाणे टाकीवर ठळक अक्षरांत सूचना हवी. सेक्रेटरींनी ती स्वतः छापून आणली, दुसऱ्या आणि तिसऱ्या मॉनिटरच्या मधल्या जागेत चिकटवली आणि दोन पावलं मागे जाऊन सरळ आहे का ते बघितलं. 'हे पाणी पिण्यास योग्य नाही.'

आता मी कामाला बसलो. पहिल्या तासातच लक्षात आलं, की मॉनिटर फार उंच आहेत. मी वर बघून काम करत होतो. संध्याकाळपर्यंत मान अशी आखडली, की भाजी घेताना मला वांगी दिसेनात. प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, माप बरोबर आहे, माझ्या तळहातावर अजून पुसट दिसतंय. मी खुर्चीवर उशी घेतली. मग दुसरी घेतली. पाय लोंबकळायला लागले म्हणून खाली पाट घेतला. सासरे आले की मात्र सगळं ठीक होई. माझी पाठ ताठ होई आणि पडदे बरोबर डोळ्यांसमोर येत. पण दिवसभर सासऱ्यांना समोर बसवून ठेवणं शक्य नव्हतं, शिवाय ते मधूनमधून झोपत आणि ते झोपले की मी खचत असे.

"तू असा वर तोंड करून कुणाची वाट बघतोस?" बायकोने विचारलं. मी उशी सारखी केली. तपासणी दोन दिवसांवर आली होती.

तपासणीला एक बाई आल्या. नीटनेटक्या, हातात अकरा पानी अर्ज, गळ्यात टेप. त्यांनी खिडकी मोजली, उजेड मोजला, खुर्चीची पाठ मोजली. मी मागेमागे होतो. सासरे दाराशी. बायकोने त्या दिवशी अर्धी रजा घेतली होती आणि ती पलंगाच्या पायथ्याशी बसली होती, कारण दुसरी जागाच नव्हती. मग बाई स्टँडकडे वळल्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. सूचना वाचली. पुन्हा वाचली.

"कुठलं पाणी?" त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. सुरुवातीपासून सांगितलं. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि प्रत्येक वाक्याला, हा माणूस खोटं बोलतोय, अशी माझी खात्री पटत चालली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या वाकल्या आणि कुणीही केलं असतं तेच त्यांनी केलं. त्यांनी नळ फिरवला.

पाणी आलं.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी नळ उलटा फिरवला. नळाची चावी त्यांच्या हातात आली.

मी न्हाणीघराकडे धावलो. बायकोने उठून आधी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. तिन्ही पडदे काळे झाले. मी बादली लावली. बाईंची चप्पल भिजली होती आणि त्या ती चावी हातात धरून, पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत होत्या. सासरे म्हणाले, "दुसरी बादली आणा." मी दुसरी आणली. पहिली भरली, दुसरी लावली. पाणी येतच होतं आणि मी मनाशी म्हणत होतो, येऊ दे, किती येईल, तीस लिटरच तर आहे, संपेल. मग मला लेव्हलकाका आठवले. ते पाणी नव्हतं. ते वजन होतं.

दुसरी बादली अर्धी झाली तेव्हा स्टँड हलला. अगदी थोडासा. मग त्याने अतिशय सावकाश, नम्रपणे पुढे वाकायला सुरुवात केली.

"धरा!" मी ओरडलो.

डावा मॉनिटर मी धरला. मधला सासऱ्यांनी छातीशी कवटाळला. उजवा बाईंनी धरला, कारण तो त्यांच्याच अंगावर येत होता. क्लँप निसटले, सांगाडा आम्हा तिघांच्या पायांमध्ये आडवा झाला आणि उरलेलं पाणी पलंगाखाली गेलं. आम्ही तिघं एकेक मॉनिटर उराशी धरून घोटाभर पाण्यात उभे होतो. घोटाभर म्हणजे मला तेवढं वाटलं. बाईंनी नंतर मोजलं, अर्धा सेंटिमीटर होतं.

"कलम सात," बाई हळूच म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "मला नापास लिहावं लागेल हो."

माझ्या डोळ्यांसमोर ती खोली आली. ती भिंत आली. 

तेवढ्यात बायको पुढे आली. तिने माझ्या कपाटाचे तीन खण बाहेर ओढले आणि पलंगावर पालथे केले. माझे मोजे, भोकं पडलेले बनियन, दहा वर्षांपूर्वीची विजेची बिलं आणि घरात कुठेच नाहीत असं मी सांगितलेल्या चॉकलेटांचे कागद एका परक्या बाईसमोर ढिगाने पडले. मग तिने ते खण उलटे करून कामाच्या टेबलावर एका ओळीत ठेवले.

"ठेवा," ती आम्हाला म्हणाली. आम्ही तिघांनी आपापला मॉनिटर खणावर ठेवला. भिंतीला टेकलेले नव्हते, कडेला आवळलेले नव्हते. प्रत्येक मॉनिटर आपापल्या खणावर स्वतंत्र, घट्ट उभा होता.

"उंची बघावी लागेल," बाई टेप काढत म्हणाल्या. "बसा तुम्ही."

मी उशा काढून बसलो. पडदे आता हातभर खाली दिसत होते.

"नेहमीसारखा बस," बायको म्हणाली.

"नेहमीसारखाच बसलोय."

तिने सुस्कारा सोडला. "बाबा, तुम्ही जरा बाहेर जाता का?"

सासरे बाहेर गेले. माझी पाठ खाली आली. आली ती येतच राहिली, आणि जिथे थांबली तिथे माझे डोळे मधल्या पडद्याच्या वरच्या कडेला बरोबर टेकले. बाईंनी टेप लावली, पुन्हा लावली आणि अर्जावर खूण केली.

"तुम्ही माप कधी घेतलंत?" त्यांनी बायकोला विचारलं.

"घेतलं नाही. वीस वर्षं रोज बघतेय."

मी आनंदाने उठणार एवढ्यात बाईंनी अकरावं पान उलटलं. मी ते पान वाचलंच नव्हतं. दहाव्यापर्यंत पोहोचलो तेव्हाच मला झोप आली होती. त्यावर लिहिलं होतं, घरात राहणाऱ्या दुसऱ्या सज्ञान व्यक्तीची या व्यवस्थेला संमती आहे का? खाली सहीची जागा आणि 'शेरा' म्हणून दोन ओळी.

"इथे सही कर," मी म्हटलं.

"कशाला?"

"म्हणजे मी घरी राहावं याला तुझी संमती आहे म्हणून."

"ते मला कुणी विचारलं?" बायको म्हणाली. "प्लंबरला विचारलंस, काकांना विचारलंस, सेक्रेटरींकडे अर्ज केलास. माझ्याकडे आलास कधी?"

मी हबकलो. खरंच, तीन आठवड्यांत मी गावातल्या प्रत्येकाला काही ना काही विचारलं होतं. हिला पायाकडून चढायला सांगितलं होतं. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मी घरी राहू का?" मी विचारलं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण तिची परवानगी मी पहिल्यांदाच मागत होतो.

तिने अर्ज हातात घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सगळी अकरा पानं. मी ओल्या मोज्यांत उभा होतो. मग तिने पेन मागितलं, सही केली, जरा विचार केला आणि शेऱ्याच्या जागी दोन ओळी लिहून अर्ज मला न दाखवता बाईंकडे दिला. बाईंनी वाचलं. पहिल्यांदाच त्या हसल्या.

"हे होऊ शकतं," त्या बायकोला म्हणाल्या, मला नव्हे. "गावात आमची एक खोली राहणार आहे, लोकांना अर्ज आणून द्यायला. तिथे आठवड्यातून एक दिवस कुणीतरी बसायला हवंच होतं."

मग मी अर्ज बघितला. तिचं अक्षर सुरेख आहे. 'माणूस घरी हवा आहे. मात्र दर बुधवारी कंपनीने ठेवून घ्यावा.'

पास झालो. बदली टळली. आता दर बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, मी डबा घेऊन त्या खोलीत जाऊन बसतो. दिवसभरात दोन माणसं येतात, त्यातला एक पत्ता विचारायला येतो. परवा घरी आलो तेव्हा ती खिडकीपाशी पाय पसरून बसली होती. हातात पुस्तक नाही, फोन नाही, समोर घड्या घालायचे कपडे नाहीत.

"आज काय केलंस दिवसभर?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि वीस वर्षांत तिचा इतका सुखी आवाज मी ऐकला नव्हता.